शब्दयादी ठेवायची कुठे? प्रकल्प नोंदी, जानेवारी-फेब्रुवारी २०२५

४ जानेवारी, शनिवार

नारायण पेठेत काकांकडे जमलो. काका, ताई, धाकटा आणि मी समोरासमोर. म्युनिकचा मित्र आणि नागपूरच्या मॅडम व्हिडिओवर. एकूण सहा जण. हा आकडा पुढे लागणार आहे, म्हणून लिहून ठेवतो.

काम मराठी शुद्धलेखन तपासनीसाच्या शब्दयादीचं, हनस्पेलसाठी. लिबर ऑफिस, फायरफॉक्स, क्रोम यांच्या पोटात बसून शब्दाखाली लाल नागमोडी रेघ ओढतो तो हा हनस्पेल. त्याला दोन फाइली लागतात. एकीत मूळ शब्द. दुसरीत प्रत्ययांचे नियम, म्हणजे ‘घर’ दिलं की ‘घराला, घरात, घराचा’ कसे ओळखायचे ते. पहिली काका आणि मॅडम तपासतात, दुसरी ताईची. ताईचा हनस्पेलवर राग आहे, कारण तो प्रत्ययांचे दोनच थर सोलतो आणि मराठी माणूस सहज ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ म्हणून मोकळा होतो. तो विषय स्वतंत्र आहे, आज नको.

यादी आजवर व्हॉट्सॲपवरून फिरत होती. आज ताईची प्रत आणि नागपूरची प्रत शेजारी ठेवून मोजली, तर १,१३७ शब्दांचा फरक निघाला. त्यातले मुद्दाम काढलेले कुठले आणि चुकून गेलेले कुठले, ते कोणालाच सांगता येईना. काका चाळीस वर्षं मुद्रितशोधक होते. ते एवढंच म्हणाले, “प्रेसमध्ये असं झालं असतं तर मालकानं दोघांनाही घरी बसवलं असतं.”

गिटवर जायचं ठरलं, म्हणजे कोणी, कधी, काय बदललं याचा हिशेब ठेवणाऱ्या साधनावर. त्यावर वाद नाही. ते ठेवायचं कुठे, यावर मात्र दीड तास गेला आणि निकाल लागला नाही. पहिली आवृत्ती २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी काढायची.

५ जानेवारी, रविवार

सकाळी काकांचा फोन. “फुकट म्हणतोस, मग त्या लोकांना काय मिळतं रे?”

प्रश्न रास्त होता. गिटचा जन्मच मुळी फुकट मिळालेलं काढून घेतल्यामुळे झाला, ही गोष्ट त्यांना सांगितली. लिनक्स ही संगणकप्रणाली बनवणारी मंडळी २००२ पासून बिटकीपर नावाचं एका कंपनीचं साधन पैसे न देता वापरत होती. २००५ मध्ये कंपनीने सवलत मागे घेतली. मग लिनक्सच्या जनकाने, लिनस टोरवाल्ड्सने, एप्रिलच्या सुरुवातीला स्वतःच गिट लिहायला घेतलं आणि आठवड्याच्या आत गिटचा कोड गिटमध्येच राहू लागला.

“म्हणजे भाडेकरूला नोटीस आली आणि त्यानं घर बांधलं,” काका म्हणाले.

हो, पण त्या घरात राहणारे आपण पुन्हा दुसऱ्याच्याच जागेवर भाड्याने राहतो. दुपारी बसून अशा जागा देणाऱ्यांपैकी आजवर कोण कोण उठलं त्याची उजळणी केली. गूगल कोड २००६ मध्ये सुरू झालं; मार्च २०१५ मध्ये बंद करणार म्हणून सांगितलं आणि जानेवारी २०१६ मध्ये गाशा गुंडाळला. जिटोरियस २०१५ मध्ये गिटलॅबने घेतलं आणि त्याच वर्षी बंद केलं. बिटबकेट सुरू झालं ते मर्क्युरिअल या गिटच्या भावंडासाठी. २०२० मध्ये त्यांनी मर्क्युरिअलच्याच रिपॉझिटरी, म्हणजे इतिहासासकट साठवलेले प्रकल्प, काढून टाकल्या. गिटहब २००८ चं. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरला विकत घेतलं.

सोर्सहटही पाहिलं. तिथे दुरुस्त्या ईमेलने पाठवायच्या असतात. काकांना ईमेल उत्तम येतं, म्हणून क्षणभर आशा वाटली. पण साध्या मजकुराचा, ओळी न मोडणारा, विशिष्ट मांडणीचा ईमेल म्हटल्यावर ती मावळली.

९ जानेवारी, गुरुवार

घरचा सर्व्हर, हा माझा लाडका पर्याय. कर्वेनगरला माझ्याकडे ४ जीबीचा जुना लॅपटॉप पडून आहे. गिटलॅब त्यावर बसवण्याचा विचारच केला नाही, ते खादाड आहे. फोर्जेजो हे हलकं साधन बसवलं. गिटीया या तशाच साधनाला २०२२ च्या शेवटी फुटलेली ही फांदी; गिटीया स्वतः २०१६ मध्ये गॉग्जपासून फुटलं. एकच फाइल उतरवून घ्यायची, सोबत एस्क्यूलाइट हा छोटा डेटाबेस, संपलं. अर्ध्या तासात पान उघडलं. मी खूश.

म्युनिकहून मात्र ते उघडेना. राउटरच्या पानावर पाहिलं, तर आमच्या जोडणीचा पत्ता १०० ने सुरू होणारा. म्हणजे सेवा देणाऱ्याने कितीतरी घरांना मिळून एक सार्वजनिक पत्ता दिलाय आणि बाहेरून येणाऱ्याला आमचं दार सापडण्याची सोयच नाही. वाड्याला एकच दिंडीदरवाजा, आत पंचवीस बिऱ्हाडं, आणि पोस्टमनला बिऱ्हाडाचा नंबर माहीत नाही. बोगदा काढून मार्ग काढता येतो, काढलाही. तेवढ्यात वीज गेली. गुरुवार, देखभालीचा वार. लॅपटॉपची बॅटरी मेलेली आहे हे तेव्हा कळलं.

ताईचा निरोप: “लॅपटॉप गेला तर यादी तुझ्याकडून मागायची की तुझ्या बायकोकडून?” पर्याय बाद.

११ जानेवारी, शनिवार

आज सहाचा आकडा आडवा आला.

काकांचा आग्रह: यादी नीट होईपर्यंत खासगी हवी. “कच्चं प्रूफ कोणी रस्त्यावर टांगत नाही.” ठीक. पण गिटलॅबवर फुकट खासगी गटात पाच माणसं बसतात. बिटबकेटवरही फुकटात पाचच. आम्ही सहा. कोडबर्ग ही बर्लिनची, ना नफा तत्त्वावर चालणारी संस्था. तिथे माणसांची मोजदाद नाही, पण जागा खुल्या परवान्याच्या कामासाठी आहे, खासगी काम तिथे जेमतेम चालवून घेतात. गिटहबने एप्रिल २०२० पासून खासगी रिपॉझिटरीत माणसांची मर्यादा काढून टाकली आहे.

पैसे भरून सहावा माणूस बसवायचा का? म्युनिकचा मित्र म्हणाला, मी भरतो. नको. एकाच्या कार्डावर सगळ्यांचं काम टांगून ठेवायचं नाही.

काका म्हणाले, “मी बाहेर राहतो. कागदावर खुणा करून देत जाईन, ताई चढवेल.” आवाज अगदी सहज होता. पण आमच्यात शब्द सर्वांत जास्त कळणारा माणूस तोच आहे, आणि त्यालाच उंबऱ्याबाहेर ठेवून आम्ही पाच जण आत बसणार. मी स्पष्ट नाही म्हटलं. जिथे काकांना स्वतःच्या हाताने वेलांटी बदलता येईल तीच जागा, बाकी निकष मागाहून.

तीन ठिकाणी सारखीच प्रत चढवायची आणि प्रत्येकावर काही दिवस खरं काम करायचं: गिटहब, गिटलॅब, कोडबर्ग. चाचणीपुरता छोटा तुकडा उघडा ठेवायला काकांनी नाराजीने होकार दिला.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ घेऊन काकांकडे, आणि त्यांना कीबोर्डवर बसवलं. धाकट्याने उत्साहाने त्यांच्या संगणकावर गिट बसवून दिलं होतं. काकांनी दोन बोटांनी आज्ञा टंकली, पासवर्ड टंकला आणि गिटहबकडून उत्तर आलं: पासवर्डने आत येण्याची सोय १३ ऑगस्ट २०२१ पासून काढून टाकली आहे.

“मग विचारतात कशाला?” काकांचा प्रश्न. धाकटा पासवर्डऐवजी लागणारं टोकन आणि एसएसएच किल्ली समजावू लागला. मी त्याला थांबवलं. काळ्या खिडकीशी काकांचा संबंध ठेवायचाच नाही, ब्राउझरमधली पेन्सिल पुरे. तिन्ही ठिकाणी पान उघडून पेन्सिलीवर टिचकी मारायची, शब्द दुरुस्त करायचा, खाली कारण लिहायचं, झालं. गिटलॅबचा संपादक काकांच्या विंडोज ७ वर उघडायलाच फार वेळ घेतो. गिटहब आणि कोडबर्ग चालतात.

सगळी यादी एका फाइलीत होती, ती उघडली की त्यांचा ब्राउझर दम टाकायचा. अक्षरवार फोडली: ‘क’ ची वेगळी, ‘ख’ ची वेगळी.

खातं काढताना नाव रोमनमध्येच लागतं, यावर काका नाराज. दिसायचं नाव देवनागरीत लिहिता येतं, तसं दिलं.

१८ जानेवारी, शनिवार

हिंजवडीहून निघून चांदणी चौकात अडकलो, पोहोचेपर्यंत आठ. तोवर धाकट्याने डोकं धरलं होतं.

एक. काकांनी ‘प’ ची फाइल उतरवून घेऊन नोटपॅडमध्ये दुरुस्त केली आणि परत चढवली. बदल एका वेलांटीचा. गिटच्या मते बदललेल्या ओळी ४,२१२. विंडोज ओळीच्या शेवटी दोन अदृश्य खुणा ठेवतं, आम्ही एक. प्रत्येक ओळ निराळी ठरली. गिटला सूचना देणाऱ्या गिटॲट्रिब्यूट्स फाइलीत एक ओळ घालून मिटवलं.

दोन. अक्षरवार फाइलींना नावंही अक्षरांचीच दिली होती. धाकट्याच्या पडद्यावर ‘क’ ऐवजी उलट्या तिरप्या रेघा आणि ३४०, २४४, २२५. तो म्हणाला फाइल खराब झाली. खराब काही नाही. ‘क’ तीन बाइटांत साठवला जातो आणि गिट ते बाइट अष्टमान पद्धतीत छापतं, कारण रोमनपलीकडचं नाव दिसलं की ते आपलं सावध होतं. कोटपाथ नावाची मांडणी बंद केली की ‘क’ चा ‘क’ दिसतो. वीस वर्षांचं साधन, आणि आपल्या लिपीला अजून ओळखपत्र दाखवावं लागतं. असो.

तीन, आणि ही खरी गंमत. दोघांनी एकाच दिवशी एकाच फाइलीत कुठल्याही दोन टोकांना शब्द घातले तरी मर्ज, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करणं, अडतं. दर वेळी. नागपूरने ‘अंगठी’जवळ एक घातला, ताईने ‘अहवाल’च्या पुढे दोन, तरी भांडण. कारण हनस्पेलच्या शब्दफाइलीच्या पहिल्या ओळीत एकूण शब्दांची संख्या लिहायची असते, आणि ती फोडलेल्या फाइलींतही राहिली होती. नागपूर तिथे एक वाढवतं, ताई दोन, आणि गिट विचारतं खरं कोणाचं. तिन्ही ठिकाणी तेच, कारण दोष जागेचा नाहीच. उपाय: संख्या आता कोणी हाताने लिहायची नाही. अक्षरवार फाइलींत फक्त शब्द. शेवटी सगळं जुळवून, मोजून, डोक्यावर आकडा ठेवायचं काम स्क्रिप्टचं, म्हणजे छोट्या प्रोग्रामचं.

म्हणजे मुक्कामाची जागा निवडायला बसलो होतो आणि सामानच नीट बांधलेलं नव्हतं.

२१ जानेवारी, मंगळवार

नागपूरच्या मॅडमची दुरुस्ती आली. लाल ओळीत ‘दर्‍या’, हिरव्या ओळीत ‘दऱ्या’. माझ्या फाँटमध्ये दोन्ही हुबेहूब. मी लिहिलं, काय बदललंत? त्यांनी लिहिलं, मी फक्त पुन्हा टाइप केला, आधीचा शब्द शोधला तर सापडत नव्हता.

बाइट उलगडून पाहिले. जुन्या ओळीत र, हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर नावाचा डोळ्यांना न दिसणारा जोडणारा, मग य. नव्या ओळीत नुक्तावाला ‘ऱ’, हलन्त, य. कागदावर एकच शब्द, संगणकाला दोन. अर्ध्या जगाने एका तऱ्हेने टंकलंय, अर्ध्याने दुसऱ्या. (हे ‘तऱ्हेने’ मी कसं टंकलं ते तपासायला गेलो नाही.)

काकांना सांगितलं. ते खूप हसले. “खिळ्यांच्या काळात हाच ‘र’ वेगळ्या खान्यात असायचा. जुळाऱ्याचा हात चुकला की आम्हाला दिसायचं तरी. तुमची चूक दिसतसुद्धा नाही.”

यादीत एकच रूप ठेवायचं, दुसरं वाचताना मान्य करायचं. हनस्पेलला आत येणारा मजकूर बदलून घेण्याचा नियम देता येतो, ताई घालतेय.

२५ जानेवारी, शनिवार

प्रत्येक बदलानंतर यादी आपोआप तपासली जावी: स्क्रिप्टने जुळवायची, ठरावीक उताऱ्यावर हनस्पेल चालवायचा, बरोबर शब्द चूक ठरला तर लाल फुली. गिटहबवर उघड्या रिपॉझिटरीला हे फुकट. गिटलॅबवर महिन्याला त्यांच्या यंत्राची ४०० मिनिटं, आपल्याला पुरतील. पण २०२१ पासून त्या फुकट यंत्रांवर आभासी चलन खणणाऱ्यांच्या त्रासामुळे नव्या फुकट खात्याला ओळख पटवावी लागते, त्यात कार्डही मागतात. धाकट्याकडे कार्ड नाही, आणि वडिलांचं देणार नाही म्हणाला. शहाणा आहे. कोडबर्गवर ही सोय अर्ज करून मिळते.

मनाने मी कोडबर्गच्या बाजूला आहे. खुल्या कामाला खुल्या साधनावरची जागा, जाहिरात नाही, सदस्यांच्या वर्गणीवर चालते. आपल्या सार्वजनिक वाचनालयांची आठवण येते. म्युनिकचा मित्र तर तिथला वर्गणीदारच आहे.

ताईचं म्हणणं वेगळं. चुकीचा शब्द सापडला की कळवणारा माणूस कोण? बहुतेक भाषांतरकार, पत्रकार, एखादा ब्लॉग लिहिणारा. त्यांतल्या ज्याचं कुठे खातं असेल, ते गिटहबवरच. “एका वेलांटीसाठी कोणी नवं खातं काढणार नाही. मीसुद्धा काढणार नाही, आणि मी तर या कामात आहे.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

१ फेब्रुवारी, शनिवार

ठरलं: गिटहब. म्युनिकचा मित्र विरोधात, तशी नोंद त्याच्या सांगण्यावरून इथे करतो. अट अशी की रोज रात्री संपूर्ण प्रत कोडबर्गवर जाईल.

खासगी की उघडी, हे राहिलं होतं. काका अडून. मी त्यांना त्यांच्याच ‘प’ च्या फाइलीवर एक पान उघडून दाखवलं, ज्यात प्रत्येक ओळीशेजारी ती शेवटची कोणी बदलली त्याचं नाव येतं. पानभर त्यांचं नाव, देवनागरीत. ते बराच वेळ वरखाली करत राहिले.

“याला म्हणतात काय?”

“ब्लेम.”

“म्हणजे दोष?” आणि मग हसून, “बरोबर आहे. मुद्रितशोधकाचं नाव निघतं ते चूक राहिली तरच.”

चहा आला, गेला. निघताना म्हणाले, उघडीच ठेवा. कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

परवाना जीपीएल, म्हणजे खुला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

वाईट दिवस.

चाचणीच्या एका जागेवर (कुठल्या ते महत्त्वाचं नाही, चूक आमची) ‘पक्षिमित्र’ की ‘पक्षीमित्र’ यावर वाद रंगला होता. समासात पहिलं पद ऱ्हस्व ठेवायचं की दीर्घ. प्रश्न एका शब्दाचा नाही, त्याच्या मागे मंत्रिमंडळ, प्राणिसंग्रहालय, विद्यार्थिगृह अशी रांग उभी आहे. १९६२ चे साहित्य महामंडळाचे नियम, १९७२ ची भर, कोशांतली रूपं, वर्तमानपत्रांची सवय, सगळं त्यात येऊन गेलं होतं. ४१ प्रतिसाद. शेवटी तोडगा निघाला होता आणि तो सर्वांना पटला होता, जे मराठी शुद्धलेखनात सहसा होत नाही.

आज धाकट्याने घर आवरल्यासारखं करून चाचणीचे जुने प्रकल्प पुसून टाकले. कोड सगळा हलवला होता, एक कमिट, म्हणजे नोंदवलेला एक बदलही, इकडचा तिकडे नाही. वाद मात्र इश्यूत, म्हणजे प्रकल्पाच्या पानावरच्या तक्रार-चर्चेत, होता. इश्यू गिटमध्ये नसतात, त्या जागेच्या डेटाबेसात असतात. क्लोन केलं, म्हणजे पूर्ण प्रत उतरवून घेतली, की कोड येतो, इतिहास येतो, चर्चा येत नाही. हे मला माहीत होतं. मी त्याला सांगितलं नव्हतं.

पोराचा फोन, आवाज रडवेला. त्याला म्हटलं, जेव आधी.

५ फेब्रुवारी, बुधवार

तोडगा नेमका काय होता ते पाच जणांना विचारलं. पाच उत्तरं. ताई आणि मॅडम पुन्हा भांडायच्या बेतात.

मोठ्यांचंही असं होतं, म्हणून धाकट्याला एक गोष्ट वाचायला दिली. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या अभियंत्याने रात्री उशिरा चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. बॅकअपच्या ज्या तऱ्हा लावल्या होत्या त्या ऐन वेळी कामी आल्या नाहीत. योगायोगाने सहा तास आधी घेतलेली एक प्रत सापडली. तेवढ्या वेळातले इश्यू आणि टिप्पण्या गेल्या, रिपॉझिटरी मात्र शाबूत राहिल्या. त्यांनी सगळं जगासमोर मांडलं, दुरुस्तीचं कामसुद्धा थेट प्रक्षेपित केलं. धाकट्याने विचारलं, त्या माणसाला काढलं का? नाही.

संध्याकाळी काकांचा फोन. “तो पक्षिमित्राचा पत्रव्यवहार हवाय का तुम्हाला? माझ्याकडे आहे.”

प्रत्येक प्रतिसादाची सूचना ईमेलने येते. आम्ही सगळ्यांनी ती पहिल्याच दिवशी बंद केली होती. काकांना बंद करता येते हे माहीतच नव्हतं. ४१ च्या ४१ त्यांच्या पेटीत, वर ‘शब्दयादी’ अशी फीत लावून. शेवटचे सहा त्यांनी कागदावर छापूनही ठेवले होते.

८ फेब्रुवारी, शनिवार

काकांच्या कागदावरून नवा फोल्डर: ‘निर्णय’. शब्दाचा वाद मिटला की इश्यू बंद करण्याआधी इथे एक फाइल लिहायची: शब्द, दोन्ही बाजू, काय ठरलं, कोण सहमत नव्हतं. वाद कुठेही घालावा, व्हॉट्सॲपवर घाला नाहीतर अमृततुल्यात, निकाल रिपॉझिटरीत. पहिली फाइल अर्थातच पक्षिमित्र. धाकट्याने टंकली, काकांनी तपासली, सात चुका काढल्या.

शिवाय:

रात्रीची प्रत कोडबर्गवर जाऊ लागली. म्युनिकचा मित्र शांत. एकाच ठिकाणी का ठेवत नाही, असं मॅडमनी विचारलं, त्यांना डिसेंबर २०१४ ची आठवण करून दिली: दूरसंचार खात्याच्या आदेशाने देशात ३२ संकेतस्थळं अडवली होती, त्यांत गिटहबचंही नाव होतं. पुढे उघडलं, पण त्या काळात ज्याचं सगळं तिथेच होतं तो हात चोळत बसला.

दर रविवारी सगळे इश्यू जेसन नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवून घ्यायचे. स्क्रिप्ट तयार आहे, चाळीसेक ओळींची.

आणि बंडल. गिटला अख्खी रिपॉझिटरी इतिहासासकट एका फाइलीत बांधता येते आणि तिच्यावरून पुन्हा क्लोन करता येतं, नेट नसलं तरी. ती ठेवायची कोणाकडे? काकांकडे, सर्वानुमते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

काकांनी मोबाइल बदलला. गिटहब २०२३ पासून कोड चढवणाऱ्यांना दुहेरी पडताळणी सक्तीची करत आलंय, आणि तिचं ॲप जुन्या मोबाइलमध्ये होतं, जो दुकानात देऊन झालाय. मला घाम फुटला. काकांनी रोजनिशी काढली. विम्याच्या हप्त्यांच्या पानासमोर, सुवाच्य अक्षरात, सोळाच्या सोळा रिकव्हरी कोड. एक वापरला, त्यावर लाल रेघ मारली, बाजूला तारीख घातली.

माझे कोड कुठे आहेत ते घरी येऊन शोधले. सापडले नाहीत. नवे काढले.

२२ फेब्रुवारी, शनिवार

तपासणीत ‘कविराज’ला लाल फुली. ‘कवी’ शेवटी दीर्घ, समासात ऱ्हस्व; ताईच्या नियमात एक खूण राहून गेली होती. ‘गुरुदक्षिणा’, ‘बुद्धिबळ’ तिथेच पडले. तासाभरात हिरवं.

मर्ज अडकल्याची तक्रार महिनाभरात नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पहिली आवृत्ती. सकाळी नऊला टॅग, म्हणजे आवृत्तीची खूण, लावला. शब्द ६१,४८०, मोजले स्क्रिप्टने.

काकांना फोन केला. म्हणाले, “ऑक्टोबरात अभिजात दर्जा मिळाला, आज वेलांटी मिळाली.” त्यांना पेढे पाठवायचे होते, तर तेच बाकरवडी घेऊन हजर.

दुपारी पहिला परका इश्यू आला. साताऱ्याहून कोणी लिहिलंय, ‘तथापि’ चूक दाखवतोय. यादीत पाहिलं तर दुसरी वेलांटी पडलेली. मी उघडून बदलणार, तेवढ्यात पान ताजं झालं: दुरुस्ती चार मिनिटांपूर्वीच झालेली. काकांची, मोबाइलवरून, मी त्यांच्या समोर बसलेलो असताना. कारणाच्या चौकटीत त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने लिहिलेलं:

“त, ओळ ८८. वेलांटी पहिली. अव्यय आहे. नजरचूक माझी.”

रविवारचं काम: बंडल काकांच्या पेन ड्राइव्हवर. ड्राइव्ह २ जीबीचा आहे, फाइल ११ एमबी. वर चिठ्ठी चिकटवायची, तारखेसकट.